न लागलेली आग

लकडगंजच्या वळणावर लाकडाचा ट्रक आडवा लागला होता म्हणून शहर बस थांबली, आणि वरच्या दांडीला धरून उभ्या असलेल्या कौसल्येला खिडकीतून आपला बाप दिसला. आधी दिसली नुसती मान. सागाच्या ओंडक्याखाली वाकलेली, शिरा ताणलेली, मळकट दुपट्ट्याखालची मान. आपल्या माणसाची मान पाठमोरीही ओळखू येते हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. ओंडक्याच्या पुढच्या टोकाला एक दांडगा हमाल होता, मागच्या टोकाला हा. दोघं आरामशीनच्या फाटकाकडे चालले होते. पुढचा झपझप चालत होता आणि मागच्याला त्याच्या चालीने फरफटत जावं लागत होतं. असेल कुणी दुसरा, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. मग ओंडका सावरायला त्याने डावा हात वर केला, आणि कोपरापासून मनगटापर्यंतची ती बिनकेसांची, चकाकणारी, जुनी भाजलेली कातडी सकाळच्या उन्हात स्पष्ट दिसली. तो हात ओळखण्यात चूक होणं शक्य नव्हतं. लहानपणी त्याच हातावर बोट फिरवत ती झोपत असे. ती माणसं बाजूला सारत दारापर्यंत आली. एक पाय खालच्या पायरीवर ठेवला. कंडक्टर म्हणाला, उतरायचं तर उतरा बाई, नाहीतर आत व्हा. ट्रक हलला. बसने हिसका दिला. ती आत झाली.

ती उतरली नाही. पुढचे चार थांबे हे एकच वाक्य तिच्या डोक्यात आरामशीनच्या पात्यासारखं फिरत राहिलं. उशीर झाला असता, हे कारण तिने पुढे केलं आणि लगेच मागे घेतलं, कारण ते खोटं होतं. खळ लावलेली साडी, हातात पर्स, खांद्याला डबा, अशा वेशात आपण त्याच्यासमोर उभं राहिलो असतो तर तो लाजला असता, असं दुसरं कारण तिने काढलं. तेही अर्धंच होतं. मग तिला राग आला, आणि पहिल्यांदा तो बापावरच आला. शहरात यायचं, ओझी उचलायची, आणि पोरीला एका शब्दाने कळवायचं नाही. पारडीच्या तिच्या खोलीत त्याला झोपायला जागा नव्हती का. पण बस सीताबर्डीपर्यंत पोचली तोवर त्या रागाला बापावर टेकायला जागा उरली नाही. तिला आठवलं की हा मार्च महिना आहे, आणि मार्चमध्ये बा शहरात कधीच नसतो.

मार्चमध्ये बा जंगलात असतो. उमरेडच्या पलीकडे, त्यांच्या बोरीटोल्याला लागून करंजघाटचं अभयारण्य आहे. फेब्रुवारीत सागाची पानगळ सुरू झाली की तिथे जाळरेषा करतात. जंगलाच्या पोटातून गाडीवाटेएवढा पट्टा झाडायचा, त्यावरचा पाला आपल्याच हाताने जाळून टाकायचा आणि जमीन उघडी ठेवायची, म्हणजे आग आली तरी त्या पट्ट्याशी येऊन उपाशी मरते. पाऊस पडेपर्यंत त्या पट्ट्यावर माणसं राखण करतात. सरकार त्यांना हंगामी अग्निरक्षक म्हणतं, गाव त्यांना आगवाले म्हणतं. तिचा बा, धोंडबा रंगारी, या पंचवीस आगवाल्यांचा पुढारी. त्याला कुणी पुढारी नेमलं नव्हतं. पण वारा कुठून येणार हे तो सांगे आणि बाकीचे तिकडे जात, एवढंच. छपन्न साली कौसल्या वर्षाची असताना तिला खांद्यावर घेऊन तो दीक्षेला नागपूरला चालत आला होता. परत गेल्यावर त्याने गावकीचं मेलेलं ढोर ओढायचं सोडलं आणि जंगलखात्याच्या कामावर गेला. पोटाला दोन्ही कामं सारखीच कमी देत. पण हे काम कुणाच्या दारात उभं राहून करायचं नव्हतं. जंगलाला दार नसते वं, असं तो म्हणे. ती मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली, आणि नेमकी वन्यजीवांच्या कार्यालयात, अंदाजपत्रक शाखेत कारकून म्हणून लागली, तेव्हा तो गावभर सांगत फिरला होता की आता जंगलाच्या दोन्ही टोकांले आपली माणसं झाली.

सिव्हिल लाइन्समधल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात पेंग्विन उभे होते. आदल्या दिवशी संध्याकाळी ते ट्रकने आले होते, आणि ठेवायला गोदाम नव्हतं म्हणून भिंतीशी ओळीने उभे केले होते. कमरेएवढे उंच, काळेपांढरे, चोच उघडलेले, पोटावर लाल अक्षरांत लिहिलेलं, कचरा मला द्या. करंजघाटला येणाऱ्या पर्यटकांसाठी या कचराकुंड्या घेतल्या होत्या. करंजघाटला पर्यटक म्हणजे दिवाळीत साहेबांचे पाहुणे, तेही जीपमधून न उतरणारे. चंद्रभान शिपायाने एका पेंग्विनच्या डोक्यावर आपली टोपी अडकवली होती आणि दुसऱ्याच्या चोचीत पाण्याचा मग ठेवला होता. तो कौसल्येला म्हणाला, "बाई, हे पाखरू बर्फातलं होय म्हन्ते. आपल्या वैशाखात याची चोच बंद होईन का?" एरवी ती हसली असती. तिच्या चेहऱ्याकडे पाहून चंद्रभानने टोपी काढून घेतली. ती त्या ओळीसमोरून चालत आपल्या खोलीत गेली. प्रत्येक चोचीसमोरून जाताना तिला वाटत होतं की हे भुकेचं तोंड आहे आणि यात काहीतरी टाकून झालेलं आहे.

काय टाकलं होतं ते तिलाच ठाऊक होतं. टेबलाशी बसून टाइपरायटरवरचं कापड काढताना तिचे हात थांबले. नोव्हेंबर महिना. सरकारचा खर्च एका पिशवीतून होत नाही, तो कप्प्याकप्प्यांतून होतो. एका कप्प्यात पगार, एकात इमारती, एकात पाणवठे, एकात आग. एका कप्प्यातला पैसा दुसऱ्यात टाकायचा तर आधी पहिल्यात तो जास्तीचा आहे, लागणार नाही, असं लिहून द्यावं लागतं. त्याला बचत म्हणतात. नोव्हेंबरात सगळी शाखा बचत शोधत बसते, दिवाळीनंतर घरात शिळं फराळाचं शोधावं तशी, कारण जो बचत दाखवतो त्याचं काम चोख समजलं जातं. आणि एकतीस मार्चपर्यंत जे खर्च होत नाही ते परत जातं. परत गेलं की पुढल्या साली तेवढं कमी मिळतं, कारण ज्याला लागलं नाही त्याला गरज नव्हती असा हिशेब असतो. आगीच्या कप्प्यासमोर एक रकाना होता, गेल्या तीन वर्षांतल्या आगीच्या घटना. कौसल्येने त्यात तीनदा टाइप केलं होतं, निरंक, निरंक, निरंक. टाइप करताना तिच्या छातीत काहीतरी भरून आलं होतं. तो शब्द तिच्या बापाची कमाई होती. एवढ्या मोठ्या कागदावर, मुंबईपर्यंत जाणाऱ्या, त्याच्या हातचं काम एका शब्दात बसलं होतं आणि ते तिने स्वतःच्या बोटांनी उठवलं होतं. त्याच कागदाच्या तळाशी लेखापाल दत्तोपंतांनी तोंडी सांगितलेलं वाक्य होतं. सलग तीन वर्षे आगीची घटना नसल्याने हंगामी अग्निरक्षकांची आवश्यकता दिसून येत नाही, सबब सदर तरतूद बचतीत दाखवून पर्यटक सुविधेकडे वळवावी. तेही तिनेच टाइप केलं होतं, एकही चूक न करता. असे कागद खूप जातात आणि त्यातले बरेच वरून तसेच परत येतात. हा एवढा तरी परत येईल असं तिने धरलं होतं. की धरलंच नव्हतं, नुसती बोटं चालवली होती? आता काहीच नक्की आठवत नव्हतं. आठवत होता तो फक्त अभिमान.

दत्तोपंत सायकल लावून, टायरची धूळ झटकून, वेळेवर आत आले. धरमपेठेतला हा म्हातारा होत आलेला लेखापाल वाईट माणूस नव्हता, हीच मोठी अडचण होती. ती नवी लागली तेव्हा शेऱ्याचा मसुदा कसा करायचा ते त्यांनीच शिकवलं. तिच्या डब्यातली आंबाडीची भाजी ते बिनदिक्कत खात आणि आपलं लिंबाचं लोणचं तिच्या झाकणात वाढत. तिच्या डब्यातलं खाणं शाखेतल्या दुसऱ्या काहींना दोन वर्षांत जमलं नव्हतं, ते त्यांनी पहिल्याच आठवड्यात सहज केलं होतं. त्यामुळे त्यांच्यासमोर उभी राहताना रागाला नेमकी जागा सापडेना. तिने विचारलं, करंजघाटला यंदा आगीची माणसं लावली नाहीत का. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि आठवण करून दिली की तो प्रस्ताव तर मंजूर झाला, त्यातूनच तर बाहेरचे ते पक्षी आले, आणि त्यांची बिलं आज संध्याकाळच्या आत व्हायला हवीत, नाहीतर ग्रँट लॅप्स होईल. ती म्हणाली की जंगलात गुडघाभर पाला असेल. ते म्हणाले, असेल. ती म्हणाली की माणसं होती म्हणून तर आग नव्हती.

दत्तोपंतांनी लेखणी खाली ठेवली. "हे तुम्हाला कळतं, मला कळतं. पण कागदावर कसं दाखवू? लागलेल्या आगीचा आकडा असतो, कौसल्याबाई. न लागलेल्या आगीचा नसतो." मग तिला बरं वाटावं म्हणून ते थोडे पुढे झुकले, आणि अनुभवाची गोष्ट सांगावी तसं हळू आवाजात म्हणाले, "एकदा लागू द्या. चांगली मोठी. जळाल्याचे फोटो जोडून पाठवतो. मंत्रालयात एक प्रश्न यायचा नाही. दुप्पट माणसं आणून देतो करंजघाटला, माझा शब्द. अठ्ठ्याहत्तर साली पलीकडच्या विभागाला असंच मिळालं, तुम्ही नव्हता तेव्हा."

तिने सांगितलं की तिचे वडील त्या माणसांतले आहेत. दोन वर्षांत शाखेत तिला कुणी हे विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. लपवलं असंही नव्हतं. दत्तोपंत खरोखरच हळहळले. आधी बोलायचं नाही का, म्हणाले. मग त्यांनी तिथल्या तिथे वाट काढली, कारण वाट काढण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. एप्रिलपासून कार्यालयाच्या हिरवळीला पाणी घालायला रोजंदारीवर एक माणूस लागतो, तो कार्यालयीन खर्चात बसतो, त्या जागी वडिलांना घेऊ. सावलीचं काम आहे, म्हातारपणी तेवढंच बरं. हे ऐकताना कौसल्येच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मेलेली वाघीण कुठे पडली आहे हे गिधाडांच्या घिरट्यांवरून सांगणारा माणूस हातात रबरी नळी धरून साहेबांच्या गुलछडीजवळ उभा राहिलेला तिला दिसला. आणि तिला हेही दिसलं की हे दत्तोपंतांनी मनापासून दिलेलं आहे. तिने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते त्यांना कळलं नसावं, आणि ती पेंग्विनांची बिलं टाइप करायला बसली.

दुपार झाली. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या अजून लागल्या नव्हत्या. पंख्याची हवा जाळावरून आल्यासारखी येत होती आणि त्या हवेत तिला पाल्याचा वास येऊ लागला. नग, दर, एकूण, असं टाइप करत असताना ती मोहाच्या झाडाखाली होती, नऊ-दहा वर्षांची, पहाटेच्या गारव्यात. मोह मार्चमध्ये गळतो. बाया पहाटे वेचायला जातात, आणि पाल्यात फूल सापडत नाही म्हणून आदल्या दिवशी झाडाखालचा पाला पेटवून देतात. जंगलाला आग लावायची म्हणून कुणी लावत नाही. ती अशी लागते, सांजवेळी, एका झाडाखाली, एका बाईच्या काडीने, आणि मग वारा निघतो. हे ओळखून बा दरसाल मोहाच्या दिवसांत झाडाखाली स्वतः झाडू मारी. खराटा घेऊन, पाला गोल ओढून, जमीन अंगणासारखी करून देई. मनकर्णा म्हणून एक म्हातारी होती, ती त्याला हिणवायची, का गा धोंडबा, बायकोनं घरातून झाडू देऊन हाकललं का तुले. तो म्हणे, हो माय, म्हणून तुया दारी आलो. मग हळूहळू बाकीचे आगवालेही झाडू लागले, मग एखाददुसरी बाईही हात लावू लागली. हे काम कुठल्याच हुकमात लिहिलेलं नव्हतं. सरकारला वाटे माणसं जाळरेषेवर उभी आहेत. माणसं मोहाखाली झाडत होती, आणि म्हणून तो रकाना निरंक राहिला. कौसल्येच्या तळहातांना पाल्याची खरखर आठवली. एकदा, ती सहा वर्षांची असताना, काडी पडलीच होती. सगळा डोंगर रात्रीतून तांबडा झाला आणि बा हिरव्या डहाळीने ज्वाळांना बडवत आत गेला. परत आला तेव्हा डावा हात केळीच्या पानात गुंडाळलेला होता. आईने, अंजनाबाईने, विचारलं, कायले गेलते एवढं आत, तुमची शेती होती का थे. त्या वेळी तो खात्याची रोपं लावायला जाई, आगवाला अजून झाला नव्हता, नुसता माणूस होता. तिने मशीनमधला कागद ओढून काढला तेव्हा कळलं की तिने दराच्या जागी नग आणि नगाच्या जागी दर टाइप केले आहेत. तिने तो फाडला. बारीक तुकडे केले. पुन्हा नवा घातला. राग असा होता की त्याला काही करायला हवं होतं, आणि करायला समोर फक्त बिलं होती.

पाचला ती उठली. लकडगंजला उतरली तेव्हा आरामशिनी बंद होत होत्या. रस्त्यावर, पायांवर, पापण्यांवर लाकडाचा भुसा होता. सागाचा तो तेलकट, गोडसर वास तिला आवडायचा. आज तो मुडद्याच्या खोलीतल्या अत्तरासारखा वाटला. फाटकाच्या आत बा एका ओंडक्यावर बसून बिडी पेटवत होता. काडी विझवून त्याने ती सवयीने पायाखाली चिरडली, पुन्हा पाहिली, आणि मग जमिनीत दाबली. तिला पाहून तो दचकला नाही. सरकून जागा केली.

"सकाळी उतरली नाहीस," तो म्हणाला.

"पायलं तू मले?"

"पायलं ना. बसच्या दारात होतीस. बरं केलं, नाही उतरली तं. ओंडका खांद्यावर असताना मानूस बोलाच्या कामाचा नाही राहत."

तो हसला. तिला हसता आलं नाही. त्याच्या खांद्यावर चुंबळ सरकून कातडं सोललं होतं, त्यावर भुसा चिकटला होता. तिने पदराने तो काढायला हात नेला तर त्याने खांदा मागे घेतला. आठ दिवस झाले येऊन, असं त्याने सांगितलं. इथेच झोपतो, भुशावर, गादीच आहे. तिने विचारलं, मले काहून नाही सांगितलं. तो बिडीकडे पाहत राहिला.

"गार्डानं सांगतलं, यंदा मानसं नाही लावाची, वरून हुकूम आहे. म्या म्हटलं, कौसल्या तं वरच आहे. तिले मालूम असन. मालूम असन अन् ती काही करून राहिली असन. मंग कायले उगाच तुया मागं लागा?"

त्याच्या आवाजात टोमणा असता तर तिने तो झेलला असता. टोमणा नव्हता. तो खरंच तसं समजून आठ दिवस ओंडके उचलत होता. ती पेंग्विनांचं सांगू लागली, बर्फातले पक्षी, पोटावर अक्षरं, आगीचा पैसा त्यांच्यात गेला. आपण काय टाइप केलं तेही तिने सांगितलं, भरभर, मान खाली घालून. त्याने मधेच विचारलं की ते पक्षी कचरा खातात म्हणजे हलतात का. नाही हलत, ती म्हणाली. मंग काय कामाचे, तो म्हणाला, आणि तिचा टाइप करण्याचा भाग त्याने ऐकलाच नाही असं दाखवलं.

मग तिने विचारलं की गावचे बाकीचे आगवाले कुठे आहेत. बाने बिडी विझवली. मशीनघरातला शेवटचा पट्टा फिरायचा थांबला, आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत त्याचा आवाज त्याला स्वतःलाच मोठा वाटला असावा, कारण तो खाली आणत तो बोलला.

"गावातच हायेत. त्यातल्याच मार्तंडानं पळसाखाली बैठक घेतली. तो म्हन्ते, लावाची नाही. आपन आगवाले हाओ, आपन काडी नाही लावत. फक्त यंदा झाडाचं नाही. बाया मोहाखाली पाला जाळतीनच, बुद्ध पौर्निमेपर्यंत हवा निघन, आग आपल्या पायानं पहाडीवर जाईन. आपन विझवाची नाही. सरकारले मंग याद येईन का इथं मानसं होती."

"अन् तू काय म्हटलं?"

"काय म्हनू? त्याच्या पोट्ट्यायले खाले लागत नाही का? मार्तंड गलत नाही बोलून राहिला. पन मले थे पाहाचं नाही. म्हणून निघून आलो." त्याने दोन्ही तळहात गुडघ्यांवर घासले. "उद्यापासून ऐन मोह पडन. आज-उद्यात पाला पेटवतीन बाया."

तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. चेहरा उन्हाने रापलेला, भुशाने पिवळा, आणि डोळे तिने कधी पाहिले नव्हते तसे, मागणारे.

"एक सांग मले, माय. तू त्या हापिसात बसतेस. मार्तंड म्हन्ते थे खरं होय का? लागली, तं घेतीन आम्हाले?"

घेतील. तिला उत्तर ठाऊक होतं, सकाळीच मिळालं होतं, शब्द देऊन. फोटो जोडून. दुप्पट माणसं. बोरीटोल्याच्या अडाण्यांनी पळसाखाली बैठक घालून जो हिशेब मांडला होता तोच सिव्हिल लाइन्सच्या पंख्याखाली मांडला गेला होता, आणि दोन्हींचं उत्तर तंतोतंत जुळत होतं. जुळणारच. या माणसांना कुणी शिकवलं नव्हतं, तरी सरकारचं अंदाजपत्रक त्यांच्यापर्यंत पोचलं होतं आणि त्यांनी ते बरोबर वाचलं होतं. जो राखतो त्याची गरज दिसत नाही. जे जळतं त्याची दिसते. तिच्या छातीत दिवसभर कोंडलेला राग एकदम इतका मोठा झाला की त्याला दत्तोपंत पुरेनात, साहेब पुरेनात, मुंबई पुरेना. खरं सांगितलं तर बा इथेच बसून राहील, ओंडके वाहील, आणि पुढल्या फेब्रुवारीत जळक्या डोंगरावर मानाने कामाला जाईल. पंचवीस घरांत चूल पेटेल. डोंगर पुन्हा उगवतो, जंगल पुन्हा उगवतं, माणसाचं पोट पुन्हा उगवत नाही. खरं सांगायला हवं होतं. त्याचा हक्क होता तो. पण तिच्या नाकात मोहाचा वास होता, पहाटेचा, अंगणासारख्या जमिनीवर पडलेल्या फुलांचा, आणि त्या जमिनीवर उकिडवा बसलेला, खराट्याचा बुडखा ठोकून घट्ट करणारा हा माणूस. हे जळालेलं पाहायचं नाही म्हणून जो आठ दिवस भुशावर झोपला, त्याला ते जळल्यावर मिळालेला रोज पचणार नव्हता. त्याने तिला प्रश्न विचारला होता, पण उत्तर त्याला हो असं नको होतं. की हे ती स्वतःच्या सोयीने धरत होती? एवढं ठरवायचा अधिकार तिला कुणी दिला? तिने शेरा लिहावा तसं मनातल्या मनात वाक्य जुळवलं.

"नाही," ती म्हणाली. "नाही घेत, बा. जंगल जळालं का ते म्हणतात, आता राखाले काय उरलं. आगीचं खातंच बंद करून टाकतात. जळालेल्या जंगलाले माणसं कोन लावते?"

"पक्कं?"

"रोज तेच टाइप करतो मी."

तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. तिने डोळे हलवले नाहीत. मग त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, ओंडका खाली ठेवल्यासारखं, आणि तो उठून उभा राहिला.

"म्हणजे फुकटच जाईन थे," तो म्हणाला. "मार्तंडाले सांगाले पायजे."

उरलेल्या मजुरीसाठीही तो थांबला नाही, मालक घरी गेला होता. नळावर तोंड धुतलं, दुपट्टा झटकला, आणि तिच्या पुढे चालू लागला, सकाळच्या ओंडक्यामागे फरफटणारा तो हा नव्हेच अशा चालीने. तिला पावलं उचलून त्याला गाठावं लागत होतं. स्टँडपर्यंत तो एकटाच बोलत होता. रातूनच सगळ्यांना गोळा करतो, पहाटेच्या आत वरच्या पहाडीखालचे मोह झाडून काढले पाहिजेत, खालचे मागून झाडता येतील, मनकर्णाची सून जरा हट्टी आहे पण तिला अंजना समजावेल, खराटे मात्र नवे बांधावे लागतील. रोजाचं काय, खाणार काय, हे त्याच्या बोलण्यात कुठेच आलं नाही. तिनेही ते काढलं नाही. उमरेडची गाडी लागलेलीच होती, गर्दीची. तो चढला, खिडकीशी जागा मिळाली नाही म्हणून दोन माणसांच्या मधून वाकून त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बरं झालं तू हापिसात आहेस वं. नाहीतं आम्हाले खरं कोन सांगतलं असतं?"

गाडी गेली. धुराचा लोळ तिच्या साडीवर आला आणि ती त्यातच उभी राहिली. उद्या पहाटे बोरीटोल्याची पंचवीस माणसं मोहाखाली झाडत असतील, परवाही, मग पाऊस पडेपर्यंत. करंजघाट यंदाही जळणार नाही. आणि त्यासाठी सरकारला एक पैसाही पडणार नाही. कार्यालयातल्या कुणाला इतक्या वर्षांत जी बचत साधली नव्हती ती तिने एका वाक्यात करून दाखवली होती.

मागून कुणीतरी म्हणालं, बाई, रांगेत उभ्या आहात का. ती म्हणाली, नाही. पण बाजूला झाली नाही. तो माणूस तसाच तिला वळसा घालून पुढे गेला, मग दुसरा, मग सगळी रांगच.